सर शिकवत नाहीत, विचारतात

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना सगळे धबधबे सर म्हणतात. हे त्यांचं आडनाव नव्हे. ते बोलायला लागले की थांबत नसत आणि ऐकणारा चिंब होऊन बाहेर पडे, म्हणून कुठल्याशा जुन्या बॅचने हे नाव ठेवलं. ते इतकं रुळलं की नव्याने आलेल्या पेंटरने त्यांच्या खोलीच्या दारावर तीच पाटी रंगवली. सरांनी ती बदलून घेतली नाही. उलट जाता-येता रुमालाने तिच्यावरची धूळ पुसताना मी त्यांना पाहिलंय.

मी रसायनशास्त्र शिकवतो. माझा तास त्यांच्या शेजारच्या हॉलमध्ये असे आणि मधली भिंत नावालाच भिंत होती. सरांचं एखादं वाक्य ऐन रंगात आलं की माझी मुलं टाळ्या वाजवायची. मी आपला फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहितोय आणि पाठीमागे टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या एक-दोन वेळा मी वळून हसून मानही तुकवली. मग उमगलं, आणि तेव्हापासून मी टाळ्या थांबेपर्यंत फळा पुसत उभा राहायला लागलो.

सरांच्या तासाला फक्त विद्यार्थी येत नसत. दुपारी दुकान बंद ठेवणारे व्यापारी येत, रिटायर झालेली मंडळी येत, दाताचे एक डॉक्टर तर पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून येत असं म्हणतात. यात थोडी भर असेल, पण फार नाही. प्राचार्यांना या गर्दीचा अभिमान होता. पाहुणे आले की ते त्यांना आधी सरांच्या हॉलच्या दारात नेऊन उभं करत.

पहिल्या रांगेत, खिडकीकडच्या कोपऱ्यात, स्वतःची उशी घेऊन सरांच्या सासूबाई बसत. लेक एकुलती एक, म्हणून त्या लेकीकडेच राहत होत्या. जावयाचं एक व्याख्यान त्यांनी चुकवलं नव्हतं. दर वर्षी नवी मुलं यायची, जुनी जायची, सासूबाई मात्र त्याच वर्गात. त्यांना सगळा अभ्यासक्रम तोंडपाठ होता. सरांनी ग्लास केव्हा उचलायचा हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं आणि एकदा सर पाणी प्यायला विसरले तेव्हा त्यांनी खालून खूण केली होती.

सरांचं सर्वांत गाजलेलं व्याख्यान उष्णतेवरचं. त्यात ते आवाज खाली आणून म्हणायचे, "उष्णता ही जन्माची प्रवासी. जिथे ती जास्त आहे तिथून निघते, जिथे कमी आहे तिथे पोचते. पांघरूण कुणाला ऊब देत नाही. पांघरूण फक्त दार लावून घेतं." मग थांबायचे. पाणी प्यायचे. तेवढ्या वेळात हॉलमध्ये रुमाल निघत.

गोष्ट घडली ती ऐन उन्हाळ्यात. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात घालायचे थेंब थंड जागी ठेवायचे होते. नेमका त्याच आठवड्यात घरातला फ्रिज बंद पडला. मेकॅनिक उद्या येतो म्हणून गेला होता, म्हणजे गेलाच होता. सर सकाळी उठून बर्फाच्या कारखान्यातून एक लादी घेऊन आले. ती बाथरूममधल्या टबात ठेवली, थेंबांची बाटली डब्यात घालून लादीला टेकवून ठेवली, वरून लोकरीचं जाड पांघरूण चहूबाजूंनी नीट गुंडाळलं आणि निश्चिंत मनाने कॉलेजला आले.

दुपारी घरी गेले तर टब बैठकीच्या खोलीत ओढत आणलेला. पांघरुणाची घडी घालून ती खुर्चीवर ठेवलेली. खिडक्या सताड उघड्या, पंखा पूर्ण जोरात, आणि टबाशेजारी स्टुलावर बसून सासूबाई वर्तमानपत्राने बर्फाला वारा घालतायत. बर्फाला म्हणजे, जिथे बर्फ होता तिथे. टबात पाणी होतं आणि पाण्यावर डबा तरंगत होता.

"काय हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या उकाड्याचं त्याला पांघरुणात गुंडाळून गेलात. मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं, नाहीतर सगळाच वितळला असता."

सर खाली बसले. त्यांनी शांतपणे विचारलं की आई, उष्णतेचं माझं व्याख्यान तुम्ही ऐकलंय ना. सासूबाईंना प्रश्नाचाच राग आला. ऐकलंय म्हणजे काय, त्यांनी म्हणूनच दाखवलं. उष्णता ही जन्माची प्रवासी इथपासून सुरुवात केली, सर जिथे आवाज खाली आणतात तिथे आणला, पांघरूण फक्त दार लावून घेतं असं म्हणून थांबल्या, आणि पदराने डोळे टिपले, ऑपरेशन झालेला डोळा जपून.

"मग?" सर म्हणाले.

"मग काय? सुंदरच आहे ते. दर वेळी भरून येतं मला. पण म्हणून बर्फाला पांघरूण घालायचं? जीव घुसमटेल त्याचा."

हे सगळं सरांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांना रात्रभर एकच शंका खात होती, आणि ती फेडायला त्यांनी त्या दिवशी वर्गात व्याख्यानाऐवजी एक प्रश्न टाकला होता. बर्फाचे दोन सारखे तुकडे. एक पांघरुणात, एक उघड्यावर पंख्याखाली. आधी कोणता वितळेल? कागदाचा चिटोरा घ्या आणि लिहा.

जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं, पांघरुणातला. आणि हाच वर्ग महिन्याभरापूर्वीच्या परीक्षेत 'पांघरूण फक्त दार लावून घेते' हे वाक्य अधोरेखित करून पैकीच्या पैकी मार्क घेऊन गेला होता. सरांनी एका मुलाला उभं करून विचारलं. तो म्हणाला, पांघरूण गरम असतं ना सर. सरांनी विचारलं, मग दार लावून घेण्याचं काय झालं? मुलगा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "ते परीक्षेत सर. तुम्ही आता बर्फाबद्दल विचारलंत."

मी सरांना धीर द्यायला जे आपण सगळे म्हणतो ते म्हटलं. हल्लीची मुलंच ढ, लक्ष कुठे असतं त्यांचं, आपण घोड्याला पाण्यापर्यंत नेऊ शकतो, प्यायचं त्यानेच. सर म्हणाले की मुलं ढ असतील एक वेळ, पण सासूबाई ढ नाहीत, पत्त्यांत त्यांनी मला आजवर एकदा जिंकू दिलेलं नाही. आणि लक्ष म्हणाल तर त्यांच्याइतकं लक्ष देऊन कुणी ऐकलंच नसेल. 

सरांची बायको फिजिओथेरपिस्ट होती. गुडघे, खांदे, कंबर मोडलेली माणसं तिच्या क्लिनिकमध्ये येत आणि बहुधा कुरकुरत जात. जेवताना सर पुन्हा तेच दळण दळायला लागले, की मी इतकं स्पष्ट सांगतो, इतकी उदाहरणं देतो, मुलं माना डोलावतात, आणि शेवटी पालथ्या घड्यावर पाणी. तिने ऐकून घेतलं आणि भाकरी मोडल्यासारखं सहज बोलली.

"मी पेशंटसमोर दिवसभर उठाबशा काढल्या, तर गुडघा कुणाचा सुटेल? माझा."

सर जेवायचे थांबले. बोलणारे आपण, विचार करणारे आपण, उदाहरण शोधणारे आपण. घाम आपल्याला येतो आणि टाळ्या त्या घामाला पडतात. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये भौतिकशास्त्र एकच माणूस शिकला होता, आणि त्याला ते आधीच येत होतं.

पुढचे काही दिवस सर लायब्ररीत दिसायला लागले. तिथे त्यांना कळलं की हे दुखणं त्यांचं एकट्याचं नाही. ठिकठिकाणच्या शिक्षकांनी ते मोजूनही पाहिलं होतं. ऐकून कळल्यासारखं वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं. मुलांना आधी स्वतः उत्तर द्यायला लावलं, चुकू दिलं, शेजाऱ्याशी वाद घालू दिला आणि मग सांगितलं तर ते टिकतं. झालेला धडा पुन्हा काही दिवसांनी पुस्तक बंद ठेवून आठवायला लावला तर आणखी टिकतं. आणि यातली गंमत म्हणजे असं शिकणाऱ्या मुलांना वाटतं की आपल्याला काहीच येत नाहीये, कारण त्यांना कष्ट पडतात. छान व्याख्यान ऐकणाऱ्याला कष्ट पडत नाहीत, म्हणून त्याला वाटतं सगळं आलं.

हे वाचून सर एक दिवस वर्गात गेले, फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि गप्प बसले.

त्यांच्या तासाला शांतता कधी झालीच नव्हती असं नाही, पण ती त्यांनी घडवलेली, पाणी प्यायच्या वेळची शांतता. ही वेगळी होती. ही कुणाचीच नव्हती. शेजारच्या हॉलमध्ये मीसुद्धा खडू खाली ठेवून भिंतीकडे पाहायला लागलो, सरांना काही झालं तर नाही. मग तिकडून कुजबुज ऐकू आली, मग गलका, मग कुणीतरी खुर्ची आपटली. आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, हात वर करून दाखवायचं, मग ज्याचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधून त्याला पटवायचं, आणि पुन्हा हात वर करायचे, असा तो खेळ होता. त्यानंतरच सर बोलणार, तेही थोडं.

ते थोडं बोलणं सरांच्या जिवावर आलं. मुलं भलतीच कारणं देत असायची आणि सरांच्या ओठांवर तयार वाक्यं यायची. शेवटी ते गालात एक कडक गोळी ठेवायला लागले. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही असा नेम. पुढे पुढे मुलांनाही कळलं. वाद संपत नसला की पुढच्या रांगेतला कुणीतरी उठून सरांना आणखी एक गोळी द्यायचा.

गावात हाहाकार उडाला. दुकानदार दुपारी दुकान बंद करून येत आणि पाहत तर सर गाल फुगवून खिडकीशी उभे. वर मुलं त्यांनाच विचारत, तुमचं काय मत? दाताचे डॉक्टर एक दिवस सपशेल चुकले, तेही आपल्याच पेशंटसमोर, आणि पुन्हा आले नाहीत. मुलांची तर वेगळीच तक्रार. सर परवाचा धडा आज विचारतात. तो धडा झालाय, आम्ही तो संपवला, आता तो पुन्हा काढणं हा अन्याय आहे. पहिल्या रांगेतली एक हुशार मुलगी सरांना भेटायला खोलीत आली आणि कळवळून म्हणाली, "सर, आमचं काही चुकलं का? तुम्ही पूर्वीसारखं शिकवा ना. आम्हाला विचारू नका."

तिने पुढे प्राचार्यांकडे अर्ज दिला आणि वर्गाने सह्या केल्या. मजकूर एका ओळीचा होता. 'सर शिकवत नाहीत, विचारतात.'

प्राचार्य पेचात पडले. ते नुकतेच कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून त्यांनी एक शोध आणला होता, की माणसं तीन जातींची असतात. पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हात लावून शिकणारी. त्यांनी सगळ्या कॉलेजची एक चाचणी घेऊन प्रत्येकाची जात ठरवली आणि खुर्च्या तीन रंगांत रंगवून घेतल्या. निळ्या खुर्चीवर पाहणारे, पिवळ्या खुर्चीवर ऐकणारे, तांबड्या खुर्चीवर हात लावणारे. रंग नीट वाळला नव्हता, त्यामुळे काही दिवस कोण कुठल्या जातीचं हे मागून दिसत असे. सरांनी प्राचार्यांना सांगितलं होतं की लोकांनी हे तपासून पाहिलंय, आवडीप्रमाणे शिकवल्याने शिकणं वाढत नाही, आणि नकाशा शिकायचा तर तो पाहावाच लागतो, ऐकणाऱ्यालाही. प्राचार्य म्हणाले, तुम्ही तांबडे आहात, तुम्हाला नुसतं सांगून कळायचं नाही. आता प्रश्न असा होता की सर बोलतच नाहीत म्हटल्यावर पिवळ्या खुर्च्यांनी करायचं काय?

चौकशी समिती नेमली गेली. प्राचार्य स्वतः, आणि संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षांचं गाद्या आणि पांघरुणांचं मोठं दुकान होतं. दुकानावर पाटी होती, 'आमची पांघरुणे ऊब देतात'. सर वर्गात पांघरुणांविषयी काहीतरी वावगं बोलतात हे त्यांच्या कानावर होतंच, त्यामुळे ते चौकशीला जरा तयारीनेच आले. मला साक्षीदार म्हणून त्यांच्या मागच्याच रांगेत बसवलं, कारण भिंतीपलीकडून सगळ्यात जास्त मीच ऐकलं होतं.

नेमका त्या दिवशी सरांनी बर्फाचाच प्रश्न पुन्हा काढला होता, या वेळी टेबलावर खराखुरा मांडून. कारखान्यातून आणलेले दोन सारखे तुकडे, दोन ताटं. एक तुकडा पांघरुणात गुंडाळला, दुसरा उघडा ठेवून त्याच्यावर टेबलफॅन सोडला. मग सरांनी प्रश्न विचारला, गोळी तोंडात टाकली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

अध्यक्षांनी प्राचार्यांच्या कानात विचारलं, तास कधी सुरू होणार? प्राचार्य म्हणाले, होईल इतक्यात. 'पांघरुणातला' म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते, दोघांनी गंमत म्हणून केले. पांघरुणातला आधी वितळणार, दोघांचंही एकमत. मुलांतही निम्मे-अर्धे अजून तिकडेच होते. आता वेगळ्या उत्तराचा शेजारी शोधायचा होता. अध्यक्षांच्या शेजारी, आपल्या उशीवर, सासूबाई होत्या.

सासूबाईंनी हात खाली ठेवला होता. म्हणजे पांघरुणातला टिकणार. कारण शास्त्राचं नव्हतं, जावयाचं होतं. घरचा माणूस चौकशीत सापडलेला असताना विरुद्ध बाजूला हात वर करायचा त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बाई," अध्यक्ष सभ्यपणे म्हणाले, "तीस वर्षं पांघरुणं विकतोय मी. ऊब देणारी वस्तू आहे ती. तिच्यात बर्फ टिकेल कसा?"

"का नाही टिकणार? मी वारा घालून बघितलाय. घटकाभरात पाणी झालं. माझं डोळ्यांचं औषध गेलं त्यात."

"ते उकाड्याने गेलं असेल."

"अहो, मग उकाडा आत शिरलाच ना त्याच्यात. पांघरूण असतं तर..." इथे सासूबाई सवयीने तोंडपाठ वाक्यावर आल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "पांघरूण कुणाला ऊब देत नाही. पांघरूण फक्त दार..."

आणि थांबल्या. ती नेहमीची थांबण्याची जागा नव्हती. त्यांनी टेबलावरच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग खिडकीशी उभ्या असलेल्या जावयाकडे, जणू त्याने इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवलं होतं.

"म्हणजे बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "दार दोन्हीकडून बंद असतं होय?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळी तोंडात असल्याने ते नुसतीच मान हलवत राहिले. नंतर मला म्हणाले, इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये किती टाळ्या पडल्या, पण कुणी असं मध्येच थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

अध्यक्ष सहजी हार मानणारे नव्हते. पांघरूण ऊब देत नाही तर थंडीत माणूस ते का घेतो, असं त्यांनी विचारलं. आता मागच्या रांगांतली मुलंही त्यांच्याभोवती जमली होती. एकाने सांगितलं, ऊब माणसाचीच असते काका, पांघरूण ती बाहेर जाऊ देत नाही. दुसऱ्याने विचारलं, तुमच्या दुकानात थंडीत गाठोडं बांधून ठेवलेलं पांघरूण उघडता तेव्हा आतून गरम निघतं का? अध्यक्षांनी डोळे मिटून आपलं गोदाम आठवलं. गार निघतं, ते म्हणाले. अगदी गार निघतं. 

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "आजवर मी गिऱ्हाइकाला त्याचीच ऊब विकली?"

मला वाटलं, ते खजील झाले असतील. पण चेहरा पाहिला तर त्यावर अपार समाधान होतं. इतका शुद्ध धंदा आपण करतो हे त्यांना आजच कळलं होतं.

तेवढ्यात पंख्याखालच्या ताटातलं पाणी टेबलावरून प्राचार्यांच्या बुटावर ठिबकायला लागलं. सरांनी गाठोडं सोडलं. आतला तुकडा कडा किंचित गोल झालेला, पण चांगला धडधाकट होता. प्राचार्य तांबड्या खुर्चीवरच्या मुलांना बाजूला सारून पुढे आले आणि त्यांनी तो हाताने चाचपून पाहिला. ते स्वतः निळे होते.

समितीचा अहवाल आठवड्याने आला. तो मी वाचलाय. 'आम्ही ठरल्या वेळी हॉलमध्ये हजर होतो. तास सुरू होण्याची शेवटपर्यंत वाट पाहिली, परंतु तो सुरू झाला नाही. दरम्यान बर्फाविषयी बरीच माहिती मिळाली.' सर न शिकवल्याबद्दल दोषी ठरले आणि त्यांना लेखी समज देण्यात आली.

मग परीक्षा झाली, बाहेरून आलेल्या प्रश्नपत्रिकेची, पाठांतर चालणार नाही अशी. भौतिकशास्त्राचा निकाल इतका चांगला लागला की पेपर फुटला असावा म्हणून आधी एक निराळी चौकशी झाली. त्यात काही निघालं नाही. तेव्हा प्राचार्यांनी सभा घेऊन निकालाचं श्रेय रंगीत खुर्च्यांना दिलं आणि शेजारच्या कॉलेजांतून लोक खुर्च्या पाहायला येऊ लागले. मुलांनी वर्षाच्या शेवटी शिक्षकांना गुण दिले, त्यात सर पहिल्यांदाच शेवटून दुसरे आले. शेवटचा मी होतो, पण माझी ती जागा ठरलेली होती.

अर्ज देणाऱ्या मुलीला सर्वांत जास्त मार्क पडले. ती पेढे घेऊन आली नाही, नुसतीच आली, आणि सरांना स्पष्टच म्हणाली, "राग मानू नका सर, पण हे काही तुमच्यामुळे झालं नाही. सगळं आम्हालाच करावं लागलं."

सरांनी तिला धन्यवाद दिले. मी तिथेच होतो. मला तिचा राग आला होता, पण सर दिवसभर खुशीत होते.

प्रश्न राहिला तो गावाचा. लोकांची फारच कुचंबणा होत होती. व्यापाऱ्यांनी अध्यक्षांकडे गाऱ्हाणं नेलं आणि अध्यक्षांनी व्यवहारी तोडगा काढला. रोजच्या तासाला सरांनी खुशाल शिकवू नये. मात्र दर शनिवारी संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये पूर्वीसारखं व्याख्यान द्यावं. अट एकच, की त्यात कुणाला काही विचारायचं नाही आणि काही शिकवायचा प्रयत्नही करायचा नाही. सरांनी ती आनंदाने मान्य केली. खरं सांगायचं तर त्यांनाही टाळ्यांची आठवण येत होती. गोळी चघळणाऱ्या माणसालाही गळा असतो. शनिवारी हॉल गच्च भरतो, रुमाल निघतात, आणि लोक काहीही न शिकता तृप्त होऊन घरी जातात. मीही जातो. फार सुंदर बोलतात हो.

सासूबाई मात्र शनिवारी येत नाहीत. ते मला पाठ आहे, म्हणतात. त्या रोजच्या तासाला येतात, आणि उशी आता मधल्या रांगेत नेलीय, कारण तिथे भांडायला चारी बाजूंनी माणसं मिळतात.

गेल्या आठवड्यात मी काही कामाने सकाळी सरांच्या घरी गेलो तर घरात तंग वातावरण. आदल्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं होतं, भिंतीवरच्या आरशात कमरेपर्यंतच दिसत असेल तर मागे सरकल्यावर जास्त दिसेल का? सासूबाईंनी हो म्हणून हात वर केला होता, पुष्कळ जणांनी केला होता, आणि सरांनी उत्तर न सांगताच तास संपवला होता. त्यावरून त्या जावयाशी बोलत नव्हत्या. लेकीने मध्यस्थी केली, सांगून टाका की हो एकदाचं, म्हातारीला झोप लागली नाही. सर म्हणाले, उद्या.

आता सासूबाई बाथरूममध्ये आत होत्या, आरशासमोर, शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन. बराच वेळ झाला होता. सरांच्या बायकोला क्लिनिकला जायची घाई होती आणि ती खांद्यावर टॉवेल टाकून दाराशी ताटकळत होती. आतून पावलांचा आवाज येत होता, दोन पावलं मागे, थांबणं, दोन पावलं पुढे. मग बादलीला धक्का लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

सरांनी दारावर टकटक करून विचारलं, आई, लागलं का काही?

"बोलू नका मध्ये," आतून उत्तर आलं. "भिंतीला टेकलेय मी. तरी गुडघे दिसत नाहीत."